पंपिंग ५५ टक्के आलं, मग एमआरआय कशाला?

पत्र : डॉक्टरसाहेब, मी पारोळा तालुक्यातला कापूसवाला शेतकरी. थोरला मुलगा २२ वर्षांचा, पोलीस भरतीची तयारी करतोय. दिवाळी झाली आणि त्याला ताप, खोकला, अंगदुखी सुरू झाली. गावातच सलाइन लावून घेतलं. पाचव्या दिवशी पहाटे छातीत जोरात दुखायला लागलं. पारोळ्याला ईसीजी काढला तर ‘अ‍ॅटॅक दिसतोय, धुळ्याला हलवा’ म्हणाले. धुळ्यात अ‍ॅन्जिओग्राफी केली, नळ्या एकदम स्वच्छ. रक्तात ट्रोपोनिन वाढलेलं. टूडी इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, पंपिंग ४५ टक्के. हृदयाच्या स्नायूला सूज आहे, मायोकार्डायटिस म्हणतात, असं सांगितलं. पाच दिवसांनी सोडलं तेव्हा पंपिंग ५५ होतं. आता म्हणतात नाशिकला जाऊन हृदयाचा एमआरआय करून आणा, तीन महिन्यांनी परत इको करा आणि सहा महिने पळणं बंद. माझे साडू म्हणतात, इको नॉर्मल आला ना, मग हा बिल वाढवायचा धंदा आहे. ५५ टक्के म्हणजे ४५ टक्के हृदय कामातून गेलं का, तेही कोणी नीट सांगत नाही. वेचणी अर्धी राहिलीय. एमआरआय डिसेंबर संपल्यावर केला तर चालेल का? पोरगं ऐकत नाही, फेब्रुवारीत ग्राउंड आहे म्हणतं आणि पहाटे गुपचूप पळायला जातं. त्याची आई सारखी म्हणते, ‘मना पोऱ्याले काय व्हयनं?’ माझा धाकटा भाऊ २९ व्या वर्षी शेतात असाच अचानक गेला होता, तेव्हा ऊन लागलं म्हणाले. – आप्पा

उत्तर : आप्पा, आधी त्याचं पळणं बंद करा. आजच. पत्र हाती आलं तेव्हा हे एक आणि एमआरआयचं एक, अशा दोन गोष्टी मी तुम्हाला फोनवर सांगितल्याच. सदर छापून येईपर्यंत त्या थांबण्यासारख्या नव्हत्या. पण फोनवर कारण सांगायला सवड मिळाली नाही, आणि कारण कळल्याशिवाय बावीस वर्षांचं पोरगं ऐकत नसतं. म्हणून हे उत्तर त्यालाही वाचायला द्या.

या आजाराची सुरुवात बहुतेक वेळा साध्या विषाणूने होते. ताप, सर्दी-खोकला नाहीतर जुलाब होतात. काही दिवसांनी तो विषाणू आणि त्याच्याशी लढायला उतरलेल्या आपल्याच शरीराच्या पेशी, दोघे मिळून हृदयाच्या स्नायूत दाह पेटवतात. स्नायूच्या काही पेशी फुटतात आणि त्यांच्यातलं ट्रोपोनिन रक्तात उतरतं. तेच तुमच्या रिपोर्टात वाढलेलं दिसलं. अशा अवस्थेत जोर लावला तर काय होतं, याचा जुना पुरावा उंदरांवरच्या प्रयोगांतून मिळालाय. कॉक्सॅकी विषाणूची लागण झालेल्या उंदरांना सक्तीने पोहायला लावलं, तेव्हा त्यांच्या हृदयात विषाणू कितीतरी पटीने वाढला आणि ते जास्त संख्येने मेले. माणसांवर असा प्रयोग कोणी करणार नाही. पण खेळाडू आणि सैन्यातले नवे जवान मैदानावर अचानक कोसळून गेले, त्यांच्या शवविच्छेदनात मायोकार्डायटिस पुन्हा पुन्हा सापडत आलाय. यातल्या कित्येकांना आदल्या दिवशीपर्यंत आपण आजारी आहोत हे माहीतही नव्हतं. तुमच्या मुलाला माहीत आहे, आणि तरी तो पळतोय.

त्याचं म्हणणं मला ऐकू येतंय: ‘पण आता मला काही होत नाहीये, पंपिंगही नॉर्मल आलंय.’ म्हणून या पंपिंगच्या आकड्याकडे नीट बघू या, कारण सगळा घोळ तिथेच आहे.

पंपिंग १०० टक्के कोणाचंच नसतं, अगदी मॅरेथॉन पळणाऱ्याचंही नसतं. हृदयाचा डावा खालचा कप्पा रक्ताने भरतो, समजा १२० मिली. ठोका पडला की त्यातलं ७० मिली पुढे जातं, ५० मिली आतच राहतं. सत्तर भागिले एकशेवीस, म्हणजे ५८ टक्के. पुरुषांत साधारण ५२ ते ७२ आणि बायकांत ५४ ते ७४ हे नॉर्मल धरतात. तेव्हा ५५ म्हणजे ४५ टक्के हृदय मेलं, हा हिशेब डोक्यातून काढून टाका. आत राहिलेलं ते रक्त दर ठोक्याला राहायचंच असतं. मुलाच्या आईलाही हे आजच सांगा.

हा आकडा येतो मात्र माणसाच्या हातून. इको करणारा डॉक्टर पडद्यावर कप्प्याची कड आखतो, एकदा भरलेल्या अवस्थेत आणि एकदा आकसलेल्या अवस्थेत, आणि मशीन त्यावरून गणित करतं. काही ठिकाणी तर अनुभवी डोळ्याने बघूनच आकडा लिहितात, आणि तो बहुतेकदा फारसा चुकत नाही. पण एकाच रुग्णाचा इको दोन डॉक्टरांनी केला तर पाच-सात टक्क्यांचा फरक सहज पडतो. त्या दिवशी ताप किती होता, ठोके किती जोरात पडत होते, यानेही फरक पडतो. म्हणून ४५ चे ५५ झाले हे चांगलंच आहे, पण त्यातली सुधारणा किती आणि मोजमापाचा फरक किती, हे त्या दोन आकड्यांवरून ठरवता येत नाही. पुढचा इको शक्यतो त्याच डॉक्टरांकडे, त्याच मशीनवर करा. आधीच्या इकोची चित्रफीत पेन ड्राइव्हवर मागून घ्या. कागदावरच्या आकड्यापेक्षा ती पुढच्या डॉक्टरला जास्त उपयोगी पडते.

याच आकड्याची आणखी एक गंमत आहे, आणि तापाच्या साथीत गंभीर होऊन आलेल्या मुलांमध्ये ती अंगावर येते. तीव्र दाहात स्नायू पाणी धरून सुजतो, भिंत जाड होते आणि आतला कप्पा लहान होतो. समजा त्यात ७० मिलीच रक्त मावतंय आणि त्यातलं ३८ पुढे जातंय. भागाकार केला तर हेही जवळपास ५५ टक्केच येतात! पण अंगाला मिळतंय जेमतेम निम्मं रक्त. म्हणून चांगला इको करणारा नुसता टक्का लिहून थांबत नाही. भिंत किती जाड आहे, कप्पा केवढा आहे, उजवी बाजू नीट चालतेय का, हृदयाभोवती पाणी साचलंय का, आत गुठळी आहे का, भिंतीचा एखादाच भाग सुस्त आहे का, हे तो बघतो. तुमच्या मुलाच्या डिस्चार्ज कार्डावर भिंतीची जाडी नॉर्मल आणि पाणी नाही असं लिहिलंय, ते तुम्ही फोनवर वाचून दाखवलंत. तेव्हा हा धोका त्याच्या बाबतीत दिसत नाही.

उलट बाजूही सांगतो. रोज पळणाऱ्या मुलांचं हृदय थोडं मोठं असतं, आणि बसल्या जागी त्यांचं पंपिंग ५० ते ५५ निघणं ही काही नवलाची गोष्ट नाही. आजारापूर्वीचा त्याचा इको आपल्याकडे नाही. कदाचित ५५ हेच त्याचं रोजचं असेल, कदाचित ते ६५ असेल आणि अजून तिथे पोचायचं असेल.

हे ओळखायला इकोमध्येच आणखी एक मोजमाप असतं, त्याला स्ट्रेन म्हणतात. स्नायूचे धागे ठोक्याला किती टक्के आखडतात, ते मशीन ठिपक्या-ठिपक्याने मागोवा घेऊन काढतं. पंपिंग नॉर्मल दिसत असतानाही स्ट्रेन कमी झालेला सापडतो, विशेषतः डाव्या कप्प्याच्या बाहेरच्या बाजूच्या भिंतीत, आणि मायोकार्डायटिसची आवडती जागा तीच. हा आकडा उणे चिन्हात लिहितात, कारण धागा आखूड होतो. उणे २० च्या आसपास असेल तर उत्तम, उणे १२ असेल तर काळजी. रिपोर्टात उणे बघून घाबरलेले पालक खूप भेटतात. उण्याला घाबरायचं नाही, पुढचा आकडा बघायचा. तीन महिन्यांनी इको कराल तेव्हा स्ट्रेनसुद्धा काढा असं आवर्जून सांगा. बऱ्याच नव्या मशीनवर ती सोय असते, पण मागितल्याशिवाय ती वापरली जाईलच असं नाही.

आता तुमच्या साडूंचा मुद्दा. इकोने एवढं सगळं सांगितलं तर एमआरआय कशाला?

तुमच्या विहिरीवरच्या मोटरीचंच घ्या. पाणी किती फेकते ते पाइपाच्या तोंडाशी उभं राहून कळतं, तो झाला इको. पण वाइंडिंगमध्ये ओल शिरलीय का, की एखादा वेढा जळालाय, हे पाण्याच्या धारेवरून कळत नाही. ओल असेल तर ती वाळते. जळालेल्या वेढ्याची मोटर मात्र आज पाणी फेकत असली तरी भर लोडवर दगा देऊ शकते. एमआरआय स्नायूतली ओल आणि जळाल्याचा डाग या दोनच गोष्टी शोधतो.

याचे नियम २००९ साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी ठरवले आणि २०१८ मध्ये सुधारले. कॅनडातल्या लेक लुईज या ठिकाणाच्या नावाने ते ओळखले जातात. टी-टू प्रकारच्या चित्रांत स्नायूतलं पाणी म्हणजे सूज दिसते. टी-वन प्रकारच्या चित्रांत आणि गॅडोलिनियमचं इंजेक्शन दिल्यानंतर काढलेल्या चित्रांत इजा झालेली जागा दिसते, कारण ते द्रव्य निरोगी स्नायूतून लवकर निघून जातं आणि इजेच्या जागी रेंगाळतं. सूज आणि इजा दोन्ही सापडले तर निदान पक्कं धरतात. एकच सापडलं तर लक्षणं आणि रक्ताचे रिपोर्ट जोडीला घेऊन विचार करतात.

तो डाग कुठे आहे, यावरून खूप काही कळतं. नळी बंद होऊन आलेल्या अ‍ॅटॅकचा डाग भिंतीच्या आतल्या थरापासून सुरू होतो, कारण रक्त तुटलं की पहिली उपासमार त्या थराची होते. मायोकार्डायटिसचा डाग बाहेरच्या थरात किंवा मधल्या थरात असतो. इकोत हे थर वेगळे दिसत नाहीत. शिवाय डाग बाहेरच्या बाजूच्या भिंतीत लहानसा असेल तर एक गोष्ट. दोन कप्प्यांमधल्या पडद्याच्या मधल्या थरात असेल तर डॉक्टर जास्त सावध होतात, कारण अशा रुग्णांना पुढे त्रास होण्याचं प्रमाण जास्त आढळलंय. तुमचा मुलगा परत १६०० मीटर पळू शकेल का, याचं उत्तर ५५ या आकड्यात नाही, ते या चित्रांत आहे.

म्हणूनच डिसेंबर संपेपर्यंत थांबू नका, असं मी फोनवर म्हणालो. ओल वाळते! छातीत दुखायला लागल्यापासून पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एमआरआय सगळ्यात जास्त सांगतो. महिना-दीड महिना उलटला की सूज ओसरते आणि चित्रं अर्धीमुर्धी बोलतात. नॉर्मल आलं तर आजार नव्हताच की होऊन गेला, हे कळत नाही. वेचणी चार दिवस मागे पडली तर कापूस झाडावर राहील, थोडा मळेल, भाव कमी येईल. नुकसान आहे, मी नाकारत नाही. पण ही तपासणी नंतर त्याच किमतीत तेवढी माहिती देणार नाही.

नाशिकला निघण्यापूर्वी सेंटरला फोन करा. मेंदूचा आणि मणक्याचा एमआरआय गावोगावी होतो, हृदयाचा सगळीकडे होत नाही. हृदय हलत असतं, त्यामुळे ईसीजीच्या ठोक्याशी जुळवून चित्रं घ्यावी लागतात. त्याची वेगळी प्रणाली लागते आणि ती वाचणारा तज्ज्ञही लागतो. तीनच प्रश्न विचारा: हृदयाचे एमआरआय तुमच्याकडे नेहमी होतात का? टी-वन, टी-टू मॅपिंग करता का? रिपोर्ट कोण वाचतं? मॅपिंग नसेल तरी काम होतं, पण हृदयाचा अनुभवच नसेल तर मालेगाव ओलांडून तिथवर जाण्यात अर्थ नाही. दर दोन-तीन ठिकाणी विचारा, फरक चांगलाच असतो. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून काही होईल का, ते योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. ही योजना ठरलेल्या उपचारांच्या पॅकेजवर चालते, त्यामुळे घरी सोडल्यावर बाहेरून केलेली तपासणी त्यात बसेलच असं धरून निघू नका.

जाताना क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीच्या रक्ततपासणीचा, रिपोर्ट न्या. किडनी फारच कमजोर असेल तर गॅडोलिनियम देताना विचार करावा लागतो. बावीस वर्षांच्या धडधाकट मुलात ती अडचण सहसा नसते. हातातलं कडं, गळ्यातली चेन, कमरेचा चांदीचा करदोडा, सगळं घरीच काढून ठेवा. तपासणीला पाऊण तास ते तासभर लागतो. बोगद्यात पडून राहायचं, आवाज फार मोठा, आणि ‘श्वास सोडा, धरून ठेवा’ असं पुन्हा पुन्हा सांगतात. श्वास नीट धरला नाही तर चित्रं हलतात. पळणाऱ्या मुलाला ते अवघड जाऊ नये. यात क्ष-किरण नसतात, तेव्हा ‘लाइट लागून’ नुकसान होतं का, ही भीती नको.

साडूंवर रागावू नका. तपासण्यांचा ढीग लावण्याचे प्रकार आपल्याकडे होतात, त्यांचा संशय हवेतून आलेला नाही. फक्त इथे त्यांनी चुकीच्या तपासणीवर बोट ठेवलंय. कोणी तुम्हाला दर आठवड्याला इको करा म्हणालं, परत अ‍ॅन्जिओग्राफी करा म्हणालं किंवा वीस-पंचवीस विषाणूंच्या अँटिबॉडीजचं महागडं पॅनेल लिहून दिलं, तर जरूर हात आखडता घ्या. त्या अँटिबॉडीज रक्तात सापडल्या तरी हृदयात त्याच विषाणूने काम केलं हे सिद्ध होत नाही, आणि उपचारही बदलत नाहीत. पहिली अ‍ॅन्जिओग्राफी मात्र योग्यच होती. ईसीजीत तसे बदल, छातीत कळ आणि ट्रोपोनिन वाढलेलं असताना नळ्या न बघता सोडून देणं धोक्याचं ठरलं असतं. विशी-तिशीतही नळी बंद होते, आणि आपल्याकडे तंबाखू-गुटखा काही कमी नाही.

आता तुमच्या भावाबद्दल. पत्राच्या शेवटी तुम्ही एका ओळीत लिहिलंत की धाकटा भाऊ २९ व्या वर्षी शेतात अचानक गेला. हे धुळ्याच्या डॉक्टरांना सांगितलंय का? फोनवर तुम्ही म्हणालात, कोणी विचारलं नाही. मग आता आपण होऊन सांगा, आणि एमआरआयच्या अर्जावरही लिहून द्या. खान्देशचा उन्हाळा ४५ अंशांच्या घरात जातो, ऊन लागून माणसं जातात हे खरंच आहे, आणि तुमच्या भावाचं तसंच झालं असेल. पण काही घराण्यांत हृदयाच्या स्नायूचा जन्मजात दोष असतो. डेस्मोप्लाकिन नावाच्या प्रथिनाचं जनुक बिघडलेलं असेल, तर तरुणपणी छातीत दुखून ट्रोपोनिन वाढतं, नळ्या स्वच्छ निघतात, आणि हुबेहूब मायोकार्डायटिससारखं चित्र दिसतं. एमआरआयमध्ये मात्र डाग कप्प्याभोवती कड्यासारखा फिरलेला असतो. वाचणाऱ्याला घरातला अचानक मृत्यू माहीत असेल तर तो त्या नजरेने बघतो. तसं काही निघालंच तर तुमच्या बाकीच्या मुलांचाही ईसीजी-इको करायला सांगतील. निघण्याची शक्यता कमी आहे. पण ही एक ओळ न सांगता ठेवण्यासारखी नाही.

पुढे काय होईल, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण पत्राच्या ओळीओळीत तेच आहे. इटलीतल्या लोम्बार्डी प्रांतातल्या मायोकार्डायटिसच्या ४४३ रुग्णांची पाहणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. साधारण २७ टक्के रुग्ण गुंतागुंत घेऊन आले होते, म्हणजे पंपिंग ५० च्या खाली, ठोक्यांचा गंभीर बिघाड किंवा रक्तदाब ढासळलेला. उरलेल्यांपैकी पाच वर्षांत हृदयामुळे कोणी दगावलं नाही, कोणाला हृदय बदलावं लागलं नाही. तुमचा मुलगा ४५ वर आला होता, तेव्हा नियमाने तो पहिल्या गटात पडतो, हे मी लपवत नाही. पण त्या गटात जीव जातो तो मुख्यतः रक्तदाब ढासळून, औषधांच्या किंवा यंत्राच्या आधाराने आलेल्या रुग्णांचा. चार-पाच दिवसांत पंपिंग वर येणं आणि दवाखान्यात ठोका एकदाही न बिघडणं, या दोन्ही गोष्टी त्याच्या बाजूच्या आहेत. स्नायूचा तुकडा काढून तपासण्याची, म्हणजे बायोप्सीची, वेळ अशा मुलांवर सहसा येत नाही. पंपिंग ढासळतच राहिलं किंवा ठोका अडकू लागला तर ती करतात.

फेब्रुवारीचं ग्राउंड सोडा. बरीच वर्षं नियम तीन ते सहा महिने विश्रांतीचा राहिलाय. अलीकडे सौम्य आजारात तज्ज्ञ थोडी मोकळीक देऊ लागलेत, पण ४५ टक्के पंपिंग, अजून न झालेला एमआरआय आणि घरातला अचानक मृत्यू हे तिन्ही असताना मी तरी ती मोकळीक मागणार नाही. मुदत संपली म्हणून आपोआप मैदानात उतरायचं नाही. आधी इको आणि स्ट्रेन, मग चोवीस तासांचं होल्टर, म्हणजे अंगावर बांधून दिवसभराचे ठोके नोंदवणारं छोटं यंत्र, मग डॉक्टरांसमोर ट्रेडमिलवर पळून दाखवायचं. पहिल्या एमआरआयमध्ये डाग निघाला असेल तर कदाचित दुसराही करावा लागेल. यातून पास झाला की हळूहळू सुरुवात. भरतीच्या वैद्यकीय तपासणीत हा आजार लपवायचा नाही, हेही आत्ताच ठरवून टाका.

त्याचं वय २२ आहे. शिपाई भरतीची वयोमर्यादा खुल्या प्रवर्गाला २८ आणि मागास प्रवर्गाला ३३, तेव्हा एक भरती हुकल्याने दार बंद होत नाही. मैदानी चाचणी ५० गुणांची, त्यात १६०० मीटरचे २०. लेखी परीक्षा १०० गुणांची. गणित, बुद्धिमत्ता, मराठी व्याकरण, चालू घडामोडी हे पलंगावर बसूनही होतं. अकॅडमीच्या सरांना डिस्चार्ज कार्ड दाखवून ठेवा, म्हणजे ‘हळूहळू दोन राउंड मार’ असं ते म्हणणार नाहीत. तिथे मिळणाऱ्या ताकदीच्या पावडरी, एनर्जी ड्रिंक, कोणी टोचत असेल तर ती इंजेक्शनं, सगळं बंद. दारू तर नाहीच.

दिलेल्या गोळ्या ५५ आलं म्हणून आपल्या मनाने थांबवू नका. ते ५५ कदाचित गोळ्यांमुळेच आलं असेल. अंग दुखलं, ताप आला तर मेडिकलमधून डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन आणू नका, ही औषधं सुजलेल्या हृदयाला बाधू शकतात. पॅरासिटामॉल चालतं. घरातल्या घरात, गावात सपाटीवर सावकाश चालायला हरकत नाही. वेचणीला सावलीत बसून मापं लिहायला घ्या, कापसाची गाठोडी उचलायला नको. छातीत पुन्हा दुखलं, चक्कर येऊन पडला, धडधड थांबेना, आडवं पडल्यावर दम लागला किंवा पाय सुजले, तर तारखेची वाट न बघता १०८ ला फोन करायचा आणि थेट धुळे गाठायचं, फाइल सोबत घेऊन. फाइलमध्ये पहिला ईसीजी वरच ठेवा, ज्याने कोणी बघितलं त्याला तोच आधी लागतो.